वालूरला झालेलं शतक

मला क्रिकेटचा नाद लागला मुंबईला आणि नोकरी लागली वालूरला. माझ्या आयुष्यातली निम्मी चिडचिड या एका वाक्यात आली. उरलेली निम्मी पुढं सांगतो.

शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं. इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून वडिलांनी एक वर्ष मामाकडे मुंबईला धाडलं. तिथं हिवाळ्यात मोठे सामने व्हायचे. तिकिटाची ऐपत नव्हती, म्हणून मी मैदानाबाहेर दोन तंबूंच्या कापडांमधल्या फटीला डोळा लावून उभा राहिलो. अर्धा तास एक नवा, कोवळा गडी खेळताना दिसला. माझ्या बाजूला त्याने तीन फटके मारले. तिसरा चेंडू दोरीपर्यंत आला तेव्हा त्यामागं पळणाऱ्याच्या बुटांचे तळवे मला दिसले, इतक्या जवळून. मग कोणी तरी मला मागं ओढलं आणि माझी जागा घेतली. बस, एवढंच. पण तेवढ्यात मी ठरवून टाकलं होतं की हा गडी माझा.

दुसऱ्या वर्षी मी परत निजामाच्या हद्दीत, वालूरच्या मदरशात मास्तर. आमच्याकडं तेव्हा सरकारी शाळेला मदरसाच म्हणायचे. आमचा मदरसा गावातल्या एका मोठ्या जमीनदाराच्या कापसाच्या वखारीत भरायचा. मी राहायचो ती खोलीही त्यांचीच. सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं, मीही म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर राग तरी नीट धरता आला असता.

गावात मुंबईचा मराठी पेपर एकच यायचा, तो मालकांकडं. रेल्वेनं सेलूला उतरायचा, तिथून डाकेच्या थैलीतून वालूरला. सगळं सुरळीत असलं तर तिसऱ्या दिवशी. डाकवाल्याच्या घरी लगीन असलं, बैल लंगडला, नाल्याला पाणी आलं, तर पाचव्या दिवशी, आणि मग तीन अंक एकदम. सगळं वरातीमागून घोडं. मुंबईत लोक सामना विसरून पुढच्या सामन्याचं बोलायचे, तेव्हा इकडं माझा गडी नुकता खेळायला उतरत असायचा.

पण खोटं कशाला सांगू, त्यातही एक सुख होतं. तीन अंक एकदम आले की मी आधी सर्वांत जुना उघडायचो. मथळ्यावर तळहात ठेवायचा, म्हणजे निकाल दिसायला नको. मग वरून खाली एकेक ओळ, सावकाश. पहिला दिवस वाचून झाला की पेपर मिटायचा आणि दुसरा दिवस दोन दिवस जाऊ देऊन वाचायचा. मुंबईत तीन दिवसांत उरकणारा सामना मी वालूरला आठवडाभर चालवायचो. वाचलेला फटका घरी लाटणं घेऊन मारून पाहायचो. बायको चुलीपासून म्हणायची, "भिंतीचा पोपडा पाडलाव परवा. आता मडक्यावर नका मारू." चुकीचं काही म्हणत नव्हती.

या सुखात माती कालवणारा माणूस म्हणजे मालकांचे दिवाणजी. पेपर आधी मालक वाचायचे, मग दिवाणजी, मग मी. दिवाणजींना बॅट कुठली आणि बॉल कुठला हे ठाऊक नव्हतं. पण मी मदरशातून निघालो की ते ओट्यावरून हाळी द्यायचे, "मास्तर, तुमचं हरलं." झालं. आठवडाभराचा सामना एका श्वासात खलास. कितीदा हात जोडून सांगितलं की दिवाणजी, निकाल तेवढा सांगत जाऊ नका. त्यावर ते म्हणायचे, "आता, चांगलं सांगावं तर तुमी चिडायलाव. मी काय हरवलं का तुमाला?" त्यांना खरंच कळायचं नाही. माणसाला निकाल सोडून आणखी काय पाहिजे असतं, हा त्यांचा सवाल. क्रिकेटचं पान तर त्यांच्या घरच्या लोणच्याच्या बरण्यांना बांधलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

अशी आठ वर्षं गेली. आठ वर्षांत माझा गडी कोवळ्याचा जून झाला, मोठा झाला, मुंबईभर त्याचं नाव झालं. माझ्यासाठी मात्र तो सगळा कागदावरचा. त्याची शतकं मी तीन दिवस शिळी खाल्ली. माझी एकच इच्छा राहिली होती: त्याचा एक डाव, एकच, तो खेळत असताना ऐकायचा. पाहणं नशिबात नाही हे कळून चुकलं होतं. निदान ऐकायचा. बॅटला चेंडू लागला की त्याच घडीला मला कळावं, तिसऱ्या दिवशी नको.

दुसरी मोठी लढाई चालू असतानाच्या एका हिवाळ्यात मालकांनी रेडिओ आणला. गावात वीज कुठली? बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की गाडीत घालून सेलूच्या जिनिंग कारखान्यात भरायला पाठवायची. छपरावर बांबू रोवून तार ताणली, तिचं दुसरं टोक लिंबाला बांधलं. मालक रोज लढाईच्या बातम्या लावायचे आणि लगेच बंद करायचे. मी दोन दिवस धीर धरला. तिसऱ्या दिवशी गेलो आणि म्हणालो, "मालक, मुंबईहून क्रिकेट सांगतात यावर. येत्या जुम्म्याला मोठा सामना चालू असेल. मदरशाला सुट्टीच आहे."

मालक खूश झाले. "लावू की. पण मास्तर, ते इंग्रजीत असंल. आमाला काय कळणार? तुमी अर्थ सांगायचा."

मी हो म्हणालो. तिथंच माझं चुकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता मालकांकडची एक रीत सांगायला हवी. चातुर्मासात त्यांच्या बैठकीत पोथी लागायची. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, आणि अर्थ सगळ्यांना पटल्याशिवाय पुढची ओवी वाचायची नाही. कोणी शंका काढली की पोथीवर हात ठेवून थांबायचं. कधी कधी एका ओवीवर अर्धा पहर जायचा. अर्थ सांगायला मीच असायचो. ही रीत मला फार आवडायची. कोणाला मागं ठेवून पुढं जायचं नाही, केवढी चांगली गोष्ट.

जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सकाळी बैठकीत चाळीसेक माणूस जमला. सतरंजी अंथरलेली, रेडिओला हळदकुंकू लावलेलं. मी रेडिओच्या अगदी शेजारी, कान लावून. मालकांनी बटण पिळलं. आधी खरखर, मग शिट्टी, मग समुद्राच्या तळातून यावा तसा एक इंग्रजी आवाज. मला पहिलं वाक्य कळलं आणि अंगावर काटा आला. कोणी तरी नुकता बाद झाला होता आणि आता माझा गडी मैदानात येत होता. येत होता! आला होता नव्हे, येत होता. मी तिथंच बसून ऐकत होतो आणि तो तिकडं चालत होता.

"काय म्हणला?" मालक.

"आपला गडी आला खेळायला."

"असं का." आणि मालकांनी बटण पिळून रेडिओ बंद केला. बैठकीकडं वळून म्हणाले, "आधी मास्तर खेळ समजून सांगतील. मग पुढं ऐकू."

मी म्हणालो, "मालक, बंद करू नका. ते तिकडं थांबत नाही."

"आसू द्या की. कुठं पळून जायलंय?"

"पळूनच जायलंय, मालक. ते आत्ता चालू आहे. आपण बंद केलं म्हणून ते थांबतील का?"

मालकांनी जरा विचार केला. मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "हे बघा, न समजता ऐकण्यात काय हशील? अन् बॅटरी बी फुकट जळती. सांगा तुमी. दोन गोष्टी सांगा, लगीच लावतो."

चाळीस माणसं माझ्याकडं बघायलेली. डोक्यावरचं छप्पर मालकांचं, मदरसा मालकांच्या वखारीत. मी दात खाऊन सांगायला लागलो. तीन लाकडं कशी, दोघं जण धावतात कसे, झेल कसा. "म्हंजी आपला इट्टीदांडूच की," कोणी तरी म्हणालं. होय बाबा, इट्टीदांडूच. लावा आता.

लावलं. गरम होऊन आवाज यायला जरा वेळ लागायचा. आवाज आला तेव्हा माझ्या गड्याच्या वीस धावा झाल्या होत्या. पहिले वीस गेले.

दिवसभर हेच. पाच मिनिटं ऐकायचं, मालकांना काही तरी अडायचं, बटण बंद. ओव्हर म्हणजे काय? बटण बंद. दोन्हीकडनं का टाकतात? बटण बंद. पंच कोणाच्या बाजूचा असतो? बटण बंद. एकदा तर मी अर्थ सांगायच्या आधीच एका म्हाताऱ्याने शंका काढली की हे लोक काम कधी करतात, आणि त्यावर बैठकीत चांगली चर्चा झाली. मी आतल्या आत जळत होतो. गाढवापुढं वाचली गीता म्हणावं तर तेही खरं नव्हतं. ही माणसं गाढव नव्हती, चांगली मन लावून समजून घेत होती. दुपारपर्यंत त्यांना खेळ बऱ्यापैकी कळायला लागला होता. त्यांच्या समजण्यापायी माझा डाव वाया चालला होता आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

तरी मधूनमधून जे ऐकलं ते अजून कानात आहे. बॅटचा आवाज एकदाच नीट आला, लाकडावर लाकूड बसावं तसा. सांगणारा माणूस सहसा शांत बोलायचा, पण त्याने त्या फटक्याला श्वास ओढून घेतला. तो श्वास मला ऐकू आला. एवढ्यासाठी आठ वर्षं थांबलो होतो आणि मला वाटलं, चला, पुष्कळ झालं.

चहाच्या वेळेनंतर माझा गडी शहाण्णववर होता. चार धावा हव्या होत्या. बैठकीलाही आता ते कळत होतं. दिवाणजी बोटांवर धावा मोजत बसले होते. मालक पुढं सरकून बसलेले. मला वाटलं, आता कोणी काही विचारणार नाही.

"मास्तर," मालक म्हणाले, "एक सांगा. ह्यो समजा आता बाद झाला. तर ह्याला परत डाव देत न्हाईत का? एवढं खेळलाय. आपल्यात पोरं बी एकदा माफ करतात." आणि सवयीनं त्यांचा हात बटणावर गेला.

"मालक, नको," मी म्हणालो. चांगला मोठ्यानं म्हणालो. पण खट झालंच.

मी भराभरा सांगितलं, "नाही देत. एकदा बाद म्हणजे बाद. कितीही मोठा असो, उठायचं आणि निघून जायचं. लावा, लवकर लावा."

"लय कडक हाय," मालक म्हणाले, त्यावर जरा मान हलवली आणि मग बटण पिळलं.

गरम व्हायला तोच वेळ. मग टाळ्या आल्या. नुसत्या टाळ्या, पत्र्यावर पाऊस पडावा तशा, थांबेनात. सांगणारा काही तरी बोलत होता पण त्या टाळ्यांत तो बुडालेला. मी कान पार जाळीला चिकटवला. शतक झालं की बाद झाला? टाळ्या दोन्हीला वाजतात. आणि तेवढ्यात बॅटरी बसली. आवाज लांब लांब गेला आणि तुटला. मालकांनी दोनदा बटण पिळून पाहिलं, काही नाही.

"काय झालं, मास्तर?"

चाळीस तोंडं माझ्याकडं. आठ वर्षं मी या गावात क्रिकेटचा जाणकार म्हणून मिरवत आलो होतो, दिवसभर अर्थ सांगत आलो होतो, आणि आता मला माहीत नव्हतं. माझ्याच्यानं ते म्हणवलं नाही. मी म्हणालो, "शतक झालं."

खोटं बोललो असं त्या घडीला वाटलंसुद्धा नाही. मला तेच पाहिजे होतं. बैठकीत टाळ्या झाल्या, दिवाणजींनी माझ्या पाठीत धपका घातला, मालकांनी आतून गूळखोबरं मागवलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातलं. मीही हसत खाल्लं.

सोमवारी पेपर आला. मदरसा सुटायच्या आधीच मालकांचं बोलावणं. मी गेलो तर मालक पेपर मांडीवर घेऊन बसलेले, चष्मा कपाळावर.

"बघा हो मास्तर. हे पेपरवाले काय लिव्हायलेत. शहाण्णववर बाद."

मी पेपर घेतला. शहाण्णववर बाद होता. दोरीजवळ उंच झेल.

 मी तोंड उघडलं होतं, खरं सांगतो, सांगायलाच उघडलं होतं. पण मालकच म्हणाले, "छापताना चुकलं असंल. आपण तर कानानं ऐकलंय. हे तीन दिवसांनी छापणार अन् आपल्याला शिकवणार." मग दिवाणजींकडं वळून म्हणाले, "मास्तरला कागद द्या. मुंबईला कळवा म्हणावं, तुमचं चुकलंय. चाळीस माणूस साक्षीला हाय."

दिवाणजींनी कागद दिला. दिवाणजींनी, ज्यांनी आठ वर्षं त्याच पेपरातून माझे निकाल फोडले होते. आता त्यांचाही पेपरावर विश्वास नव्हता, माझ्यावर होता.

मी "घरी लिहितो" म्हणालो आणि सुटलो. लिहिलं काहीच नाही. वर्षभर मालक विचारायचे, "मुंबईचं काय उत्तर?" मी म्हणायचो, नाही आलं. "चूक कबूल करायला जड जायलंय त्यान्ला," ते म्हणायचे आणि मला धीर द्यायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बायकोला तेवढं खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग सांगून टाका की." मी म्हणालो, सांगतो. पण एकेक दिवस गेला तसं ते अवघडच होत गेलं. पुढच्या हिवाळ्याच्या आत रेडिओच्या आतला एक दिवा, व्हॉल्व, जळाला आणि तो बंद पडला. लढाईमुळं नवा मिळेना. मग माझ्या गड्यानंच खेळणं कमी केलं. मग आमच्याकडं रझाकारांचे दिवस आले आणि क्रिकेटचं नाव काढायचीही कोणाला लाज वाटावी असा काळ झाला. त्याचा दुसरा डाव मला कधी ऐकायला मिळाला नाही.

त्या सोमवारी पेपर मी मालकांकडून मागून घरी नेला होता. आदल्या दिवसांचे अंक नेहमीसारखे आधी वाचायचं भान नव्हतं. सरळ तेच पान उघडलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की तो बाद झाल्यावर सगळं मैदान उभं राहिलं आणि तो तंबूत दिसेनासा होईपर्यंत कोणी टाळ्या थांबवल्या नाहीत. म्हणजे मी ऐकल्या त्या त्याच टाळ्या. तो मान खाली घालून परत चालला होता आणि त्याच घडीला, तीन दिवसांनी नव्हे, त्याच घडीला मी ते ऐकत होतो. मुंबई सोडल्यापासून एकदाच मी त्याच्या बरोबरीनं तिथं होतो. वाईट वाटून घ्यायची ती वेळ होती, आणि ती मी हसत, तोंडात खोबरं चावत घालवली.